उंदरांनी दिलेला दाखला: बिब्बा घातलेल्या मालिश तेलाचे प्रकरण

हे प्रकरण मराठवाड्यातल्या एका छोट्या आयुर्वेदिक फार्मसीचे आहे. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. तेलातल्या बिब्ब्याचा विषारीपणा तपासून घेतला होता, अहवाल चांगला होता, आणि तरीही लोकांच्या अंगावर फोड आले. अहवाल खोटा नव्हता. तो वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर होता, आणि तेही वेगळ्याच मालावर काढलेले.

पार्श्वभूमी

फार्मसीत मालक, एक वयस्कर वैद्य आणि अकरा कामगार. कामगारांत बायका जास्त. हिवाळ्यात सांधेदुखीवरचे मालिश तेल हा मुख्य धंदा. तिळाच्या तेलात निर्गुंडी, एरंडमूळ आणि शोधित, म्हणजे ठरलेल्या रीतीने विष कमी केलेला, बिब्बा. पाक नेहमीच्या प्रमाणात, म्हणजे कल्क (वनस्पती वाटून केलेला गोळा) एक भाग, तेल चार, काढा सोळा. बिब्बा किनवट-माहूरकडच्या जंगलपट्ट्यातून हिवाळ्याअखेर यायचा, तो पोत्यांत भरून वर्षभर पुरवायचा.

बिब्ब्याची ओळख मराठवाड्यात कुणाला करून द्यायची गरज नाही. पाहुणचारात दिंकाच्या लाडवात गोडंबी खाल्लेली असते आणि लहानपणी कुणाच्या तरी गालावर बिब्बा उतलेला, म्हणजे त्याने फोड आलेलेही, पाहिलेला असतो. गोडंबी आणि विष एकाच फळात आहेत. आतला गर खाण्याचा. बाहेरच्या काळ्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत दाट काळे तेल. त्या तेलातले मुख्य रसायन म्हणजे भिलावनॉल. कॅटेकॉलची कडी, तिला पंधरा कार्बनची लांब शेपटी. शेपटीमुळे ते कातडीच्या चरबीतून सहज आत शिरते. आत गेल्यावर कडीचे ऑक्सिडीकरण होऊन क्विनोन बनते, क्विनोन कातडीतल्या प्रथिनाला चिकटते, आणि शरीर त्या जोडगोळीला परके समजून तिच्यावर तुटून पडते. परटांनी कपड्यावर केलेली बिब्ब्याची खूण धुण्यात जात नाही, त्यामागेही हेच ऑक्सिडीकरण आहे; तेल हवेत काळे पडून धाग्यात घट्ट बसते.

औषध नियम १९४५ (पूर्वीचे औषध व सौंदर्यप्रसाधन नियम) यांच्या शेड्यूल ई(१) मध्ये विषारी द्रव्यांची यादी आहे. तिच्यात बचनाग, कुचला, गुंज, धोतरा यांच्या पंगतीला भल्लातक, म्हणजेच बिब्बा, बसलेला आहे. म्हणून तो शोधनाशिवाय वापरायचा नाही. भारतीय आयुर्वेदिक फॉर्म्युलरीत दिलेली रीत थोडक्यात अशी: पिकलेले, पाण्यात बुडणारे फळ घ्यायचे. बोंडाकडची टोपी कापायची. सात दिवस गोमूत्रात ठेवायचे, रोज बदलून. मग सात दिवस गाईच्या दुधात, तेही रोज बदलून. शेवटी गोणपाटाच्या पिशवीत विटेच्या चुऱ्याबरोबर घालून घासायचे, धुवायचे, वाळवायचे.

तक्रारी

डिसेंबरात पहिली तक्रार एका दुकानदाराकडून आली. गिऱ्हाईकाच्या गुडघ्याला खाज आणि पाण्याचे फोड. मालकाने बाटली बदलून दिली. पंधरा दिवसांत आणखी दोन तक्रारी. जानेवारीच्या सुरुवातीला बाटल्या भरणाऱ्या दोघींच्या बोटांच्या बेचक्यांत आणि मनगटावर तसेच फोड आले. त्यातली एक म्हणाली, "मला कैरीच्या चिकानं पण ओठ सुजतेत, म्हणून मी लक्ष नाही दिलं."

तिने सहज सांगितलेली ही गोष्ट पुढच्या सगळ्या चाचण्यांपेक्षा आधी ऐकायला हवी होती. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. कैरीच्या चिकात आणि काजूच्या टरफलात भिलावनॉलचेच भाऊबंद असतात. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची होणे अगदी स्वाभाविक.

दुसरा धागा बाटल्यांच्या हिशोबात होता. तिन्ही गिऱ्हाइकांनी पहिली बाटली संपवली होती, काही झाले नव्हते. दुसरी उघडल्यावर एक-दोन दिवसांत अंगावर उठले. साधी जळजळ असती तर पहिल्याच दिवशी झाली असती. पहिल्या संपर्कात शरीर ओळख करून घेते, त्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. पुढच्या संपर्कात एक ते तीन दिवसांत फोड उठतात. हा विलंबित ॲलर्जीचा साचा आहे आणि तो नुसत्या तारखा मांडूनही दिसतो. त्या मात्र कुणी मांडल्या नव्हत्या.

हातात असलेला अहवाल

मालकाने फाईल काढली. आदल्या मे महिन्यात एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून शोधित बिब्ब्याच्या चूर्णाची 'तीव्र मुखमार्गी विषाक्तता', म्हणजे तोंडावाटे एकदा दिल्यावरचा विषारीपणा, तपासून घेतली होती. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची चाचणी-मार्गदर्शिका ४२३ (पुढचे असे आकडेही तिच्याच मार्गदर्शिकांचे). तीन माद्या उंदीर, किलोमागे २००० मिलिग्रॅम, चौदा दिवस निरीक्षण. मेले नाहीत म्हणून आणखी तीन. तेही जगले. शेवटची ओळ: "एलडी-५० २००० पेक्षा जास्त, नमुना सुरक्षित." एलडी-५० म्हणजे निम्मी जनावरे ज्याने मरतात तो डोस.

अहवाल नीट वाचला तर चार ठिकाणी तो ढासळतो.

पहिले म्हणजे प्रश्नच वेगळा. ४२३ ही चाचणी एवढेच सांगते की एकदा तोंडावाटे दिलेल्या डोसाने जनावर मरते का, आणि त्यावरून द्रव्य कोणत्या वर्गात बसते. तिच्यातून एलडी-५० चा नेमका आकडा निघत नाही, आणि 'सुरक्षित' हा शब्द तर मुळीच निघत नाही. तेल गुडघ्याला चोळायचे होते. कातडीच्या ॲलर्जीबद्दल ही चाचणी मुकी आहे. समजा कातडीवरची तीव्र विषाक्ततेची चाचणी, म्हणजे ४०२ केली असती, तरी तीही एकदाच लावून जगणे-मरणे पाहते. ॲलर्जी तिथेही दिसली नसती.

दुसरे, डोस. काहीच माहिती नसेल तर जनावरांचा विचार करून ३०० पासून सुरुवात करा असे मार्गदर्शिका सांगते. इथे द्रव्य ई(१) यादीतले, आणि तरी सुरुवात थेट २००० पासून. जनावरांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या आचारसमितीने हे विचारायला हवे होते.

तिसरे, निलंबन. २०० ग्रॅमच्या उंदराला ४०० मिलिग्रॅम चूर्ण २ मिलीलिटरमध्ये, म्हणजे मिलीलिटरला २०० मिलिग्रॅम. अर्धा टक्का सीएमसी (पाणी दाटसर करणारी पूड) घातलेल्या पाण्यात तेलकट चूर्ण घोटले की वरवर दूध झाल्यासारखे दिसते, पण पाच मिनिटांत तेलाचे कण वर तरंगतात आणि भुसा तळाशी बसतो. गॅव्हेजच्या, म्हणजे थेट पोटात डोस सोडायच्या, सुईत जाड कण अडकतात, मग हाताखालचा माणूस वरचे पातळ ओढून घेतो. पहिल्या उंदराला काय मिळाले आणि तिसऱ्याला काय, हे कुणीच सांगू शकत नाही. चूर्ण बारीक चाळणीने चाळायचे, थोडे ट्वीन ८० (तेल पाण्यात मिसळवणारे द्रव्य) घालून आधी लेप करायचा, मग सीएमसी थोडे थोडे मिसळायचे, डोस देताना चुंबकी ढवळणी चालू ठेवायची, आणि वर, मध्ये, तळाशी असे तीन नमुने घेऊन त्यांतले प्रमाण तपासायचे. यातले काहीही नोंदवहीत नव्हते.

चौथे, मे महिना. उंदरांची खोली २२ अंशांच्या आसपास, तीन अंश इकडे-तिकडे, अशी हवी. बाहेर पारा बेचाळीसवर, त्यात वीज जाणे. खोलीच्या वहीत दुपारची नोंद सहा दिवस ३० च्या वर होती. उंदरांची वजने चौदा दिवसांत जेमतेम वाढली होती. अहवाल म्हणतो, "वजनात लक्षणीय घट नाही." घट नाही हे खरे, पण वाढत्या वयाच्या उंदराचे वजन न वाढणे हीसुद्धा खूण असते. या चाचणीत नियंत्रण गट, म्हणजे औषध न दिलेली जनावरे, नसतो, त्यामुळे ती खूण औषधाची की उकाड्याची हे वेगळे काढायला जागाच उरली नाही. मराठवाड्यात अशी कामे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकावीत, नाहीतर इन्व्हर्टरवर चालणारी वातानुकूलित खोली हवी.

हे सगळे बाजूला ठेवले तरी मुळातला घोळ आणखी मागे होता, तो नंतर सापडला.

समोरचे पर्याय

जानेवारीच्या मध्यावर मालक, वैद्य आणि बाहेरून बोलावलेले विषशास्त्राचे जाणकार एकत्र बसले.

विक्री थांबवायची की अहवालाची वाट पाहायची, हा पहिला वाद. हंगाम ऐन भरात होता. मालकाचे म्हणणे, आधी नक्की करू. जाणकारांचे म्हणणे, पाच माणसांच्या अंगावर एकाच तऱ्हेचे फोड म्हणजे नक्की झालेच आहे, राहिला प्रश्न कारणाचा. विक्री थांबली, पण दोन दिवस घासाघीस होऊन. दुसऱ्याच तक्रारीला थांबायला हवी होती.

मग चाचणी कोणती? सशावरची त्वचादाह चाचणी, ४०४, पहिल्यांदा सुचवली गेली, कारण ती जवळ उपलब्ध होती. सहा चौरस सेंटिमीटरवर अर्धा मिलीलिटर, चार तास, आणि मग ७२ तासांपर्यंत निरीक्षण. ती दाह सांगते, ॲलर्जी नाही. नाकारली.

गिनीपिगवरची ४०६ किंवा उंदराच्या कानावरची लसिकाग्रंथी चाचणी ४२९ यांनी ॲलर्जीचा प्रश्न थेट सुटला असता. ४२९ मध्ये तीन दिवस कानाच्या मागच्या बाजूला २५ मायक्रोलिटर लावतात, सहाव्या दिवशी ग्रंथीतल्या पेशींची वाढ मोजतात, आणि ती नियंत्रणाच्या तिप्पट किंवा अधिक भरली तर द्रव्य ॲलर्जीकारक. पण भिलावनॉल ॲलर्जी करते हे आधीच माहीत आहे. तेलात ते आहे की नाही, एवढेच पाहायचे होते. माहीत असलेल्या गोष्टीसाठी जनावरे वापरायला आचारसमितीने परवानगी देऊ नये, आणि मागूही नये.

पेप्टाइड-अभिक्रिया चाचणी, ४४२सी, जनावरांशिवाय होते. तीत द्रव्य सिस्टीन आणि लायसीन असलेल्या पेप्टाइडबरोबर (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याबरोबर) २४ तास ठेवतात आणि पेप्टाइड किती उरले ते एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, पाहतात. शुद्ध रसायनाला छान. पण तिथे द्रव्याचा रेणुभार माहीत लागतो, कारण प्रमाण मोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या संख्येवर, ठेवायचे असते. कित्येक वनस्पतिरसायने मिसळलेल्या तेलाचा कसला रेणुभार!

वैद्यांनी सुचवले की चार निरोगी स्वयंसेवकांच्या दंडाला लावून पाहू. यात घरगुती शहाणपण आहे, पण ॲलर्जी करणारे द्रव्य निरोगी माणसाला लावणे म्हणजे त्याला आयुष्यभराची ॲलर्जी लावून देणे. पॅच टेस्ट असते ती आधीच बाधित झालेल्या माणसाच्या निदानासाठी, त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून, सौम्य करून. ती चाचणीचे साधन नाही.

एक पर्याय मालकाने हळूच मांडला. औषध परवान्याऐवजी तेल सौंदर्यप्रसाधन म्हणून विकले तर? ई(१) ची कटकट टळेल. टळत नाही. बिब्बा बिब्बाच राहतो. शिवाय २०१४ पासून भारतात सौंदर्यप्रसाधनांची जनावरांवर चाचणी करायलाच बंदी आहे, म्हणजे पुढे कधी गरज पडली तर ती दारेही बंद. विषय तिथेच संपला.

ठरले ते असे: आधी रसायन मोजायचे. जनावर नाही, माणूस नाही.

काय केले

राखून ठेवलेल्या बाटल्या पहिल्यांदा बाहेर काढल्या. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या कपाटात होत्या, हे या फार्मसीचे चांगले. नसत्या तर पुढचे काहीच झाले नसते.

मग नमुने. चूर्णाच्या पोत्यातून वरून, मधून आणि तळातून काढले, एकत्र केले, कागदावर पसरून चार वाटे केले, समोरासमोरचे दोन ठेवले, पुन्हा चार वाटे, असे शेवटी ५० ग्रॅमपर्यंत. हेक्झेनने तीनदा अर्क काढून एचपीएलसीवर धरला. भिलावनॉलचा प्रमाणित नमुना सहज मिळत नाही. म्हणून त्याच पोत्यातले कच्चे फळ तसेच अर्कून त्याचे शिखर (यंत्राच्या आलेखावरचा भिलावनॉलचा उंचवटा) १०० धरले, आणि बाकीचे त्याच्या तुलनेत. खरा आकडा निघत नाही, पण शोधनाने किती गेले हे कळते, आणि प्रश्न तोच होता.

वैद्यांनी फार्मसीतच करता येईल अशी साधी परीक्षाही मागितली. एक ग्रॅम चूर्ण दहा मिलीलिटर अल्कोहोलमध्ये हलवून गाळायचे, गाळलेल्यात पाच टक्के फेरिक क्लोराइडचे काही थेंब. हिरवट काळे झाले तर फिनॉल आहे. मात्र हिरड्यासारखे टॅनिनवाले काही सोबत असेल तर तेही निळे-काळे होते, म्हणून ही परीक्षा फक्त बिब्ब्याच्या एकट्या चूर्णावर करायची. आणि रंग न येणे म्हणजे बिब्बा निर्विष झाला असे नाही. रंग येणे म्हणजे माल परत, एवढ्यापुरतीच तिची किंमत.

आता तो मागचा घोळ. मे महिन्यात उंदरांसाठी गेलेल्या चूर्णाची उरलेली पुडी प्रयोगशाळेत होती. तिचे शिखर आले ८. चालू बॅचच्या चूर्णाचे आले ४१. दोन्हींच्या लेबलावर 'शोधित भल्लातक'.

वैद्यांना विचारले तेव्हा त्यांनी सरळ सांगितले. प्रयोगशाळेला पाठवायचे म्हणून त्यांनी अर्धा किलो बिब्बा स्वतः, पोथीबरहुकूम, चौदा दिवस बसून शोधला होता. फसवायचा विचारही नव्हता. उलट, तपासणीला जाणारा माल नीट असावा म्हणून. उत्पादनातला चाळीस किलोचा घाणा मात्र शेडमध्ये, कामगारांच्या हातून व्हायचा. चाचणी झाली ती वैद्यांच्या हाताची, आणि विकले गेले ते शेडमधले.

शेडमध्ये काय होत होते

सकाळी सातला शेडमध्ये जाऊन बसल्यावर कारणे दिसली. पहिले कारण अडकित्त्याचे.

टोपी कापायची असते ती अडकित्त्याने, एकेक फळ धरून. कापताना काळे तेल बोटांवर येते. चाळीस किलोत हजारो फळे. ज्यांच्या हाताला उतते त्या बायका हे काम चुकवायच्या, आणि कुणी बोलायचेही नाही, कारण सगळ्यांना कळत होते. गोमूत्राच्या पिंपातून मूठभर फळे काढून मोजली तर जवळजवळ निम्मी अखंड होती. अखंड टरफल कठीण असते. ते चौदा दिवस काय, चौदा महिने भिजवले तरी कप्प्यांतले तेल आतच राहते. अर्धे शोधन तिथेच गेले होते.

"मावशी, ही न कापलेलीच टाकलीत का?"

"कापायलोत की. पण हात बघा ना माझे. किती कापावं माणसानं?"

दुसरे कारण दुधाचे. चाळीस किलो फळाला रोज बदलून सात दिवस दूध म्हणजे खर्च मोठा. सात दिवसांचे दोन दिवस झाले होते, आणि दूध दुसऱ्या दिवशी बदलत नव्हते. फाटलेल्या दुधात चरबी गोळा होते, फळावर नुसता थर बसतो, तेल ओढून घ्यायला उरत नाही. वर जंतूंची वाढ, हा वेगळा ताप.

तिसरे कारण विटेच्या चुऱ्याचे, आणि ते एका भलत्याच माणसामुळे कळले. राखणदाराच्या बायकोच्या दोन्ही हातांवर फोड होते. ती ना बिब्ब्याला हात लावायची, ना तेलाला. चौकशीत निघाले की घासून झालेला चुरा शेडच्या मागे टाकतात आणि ती तो भांडी घासायला नेते. चुरा काळपट, बोटावर चिकटणारा. अल्कोहोलचा अर्क काढून फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले तर बशी हिरवीकाळी झाली.

चुऱ्याचे काम तेल शोषून घेण्याचे. मग कामगार म्हणाला, "चुरा तर तोच वापरायलोत, चार घाणे झाले. वाळवून पुन्हा घेतो." एकदा भरलेला चुरा पुढच्या घाण्यातले तेल काय शोषणार? उलट आधीचे पुन्हा फळाला लावत होता.

आणि हे सगळे उरलेले भिलावनॉल शेवटी तिळाच्या तेलात उकळले जात होते. ते चरबीत विरघळते. कच्च्या फळावरचे तेल हवेत राहिले तर काळे पडून घट्ट होते, काही अंशी निष्क्रियही होते. पण तिळतेलात बुडाल्यावर हवा लागत नाही, म्हणून ते बाटलीत टिकून राहते. शोधन कमी पडलेला बिब्बा चूर्णाच्या गोळीत घातला तर एका मात्रेत थोडा जातो. तोच तेलात घातला तर कातडीवर सरळ पसरतो, चोळून आत घातला जातो, आणि रोज. मालिश तेल म्हणजे बिब्ब्यासाठी सगळ्यांत वाईट वाहन. हे घटकद्रव्ये ठरवतानाच कुणी म्हणायला हवे होते.

सुधारणा आणि निष्पत्ती

फेब्रुवारीत सुधारलेली रीत एका घाण्यावर करून पाहिली. पाण्यात न बुडणारी फळे बाजूला. टोपी कापण्यासाठी अडकित्ता लाकडी पट्टीवर पक्का बसवला, फळ चिमट्याने धरायचे, बोटे लावायचीच नाहीत. हातमोजे जाड विनाइलचे. दवाखान्यातले पातळ लॅटेक्सचे चालत नाहीत, त्यांतून हे तेल झिरपते. बायका कामाआधी हाताला खोबरेल लावत, ते बंद केले नाही, पण काम संपल्यावर ते कापडाने पुसून लगेच साबणाने धुवायचे असे ठरले. नाहीतर तेच खोबरेल भिलावनॉल विरघळवून चेहऱ्यापर्यंत नेते. कापायच्या कामाची पाळी दोन तासांची, आणि ज्यांना कैरीचा चीक उततो त्यांना हे काम नाहीच.

गोमूत्र सात दिवस रोज बदलून, दूध सात दिवस रोज बदलून. चुरा दर घाण्याला नवा, आणि वापरलेला झाकणाच्या पिंपात, कुलूप लावून. शेकोटीत टाकायचा नाही, कारण बिब्ब्याचा धूरही उततो.

शिखर ९ पर्यंत उतरले. वैद्यांच्या हाताच्या मालाजवळ. चुऱ्याचा संपर्क असल्याने जड धातूही तपासले. शिसे १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग), आर्सेनिक ३, कॅडमियम ०.३, पारा १ या मर्यादांच्या आत होते.

पण ९ म्हणजे शून्य नव्हे. इथे जाणकार आणि वैद्य यांच्यात मतभेद राहिला. वैद्यांचे म्हणणे, शोधित झाला की तो औषध आहे, शास्त्र तसेच म्हणते. जाणकारांचे म्हणणे, पोटात घेण्याच्या मात्रेला हे लागू असेल, पण ज्याचे शरीर एकदा भिलावनॉल ओळखून बसले आहे त्याच्या कातडीला किती थोडे चालेल हे कुणी सांगू शकत नाही. मालकाने शेवटी धंद्याच्या बाजूने पाहिले: वर्षाला हजार गिऱ्हाइकांत पाच-दहा जणांना कैरीचा चीक उततच असणार. मालिश तेलातून बिब्बा काढला. निर्गुंडीचे तेल तसेच चालू राहिले.

बाजारातल्या बाटल्या परत मागवल्या. दुकानदारांना फोन करून बॅच क्रमांक सांगितले. निम्म्याहून थोड्या जास्त परत आल्या, बाकीच्या वापरून संपल्या असे धरले. तीनही गिऱ्हाइकांची आणि बाधित कामगारांची नोंद आयुष औषधांच्या दुष्परिणामांच्या केंद्राकडे पाठवली. २०१८ पासून अशी नोंद घेणारी व्यवस्था देशभर आहे, पण छोट्या फार्मस्यांना तिची खबर नसते किंवा भीती वाटते. इथेही मालकाला समजवावे लागले की नोंद म्हणजे कबुलीजबाब नव्हे.

शोधित बिब्ब्याची पोटात घ्यायची एक गोळी फार्मसीने चालू ठेवली. डबीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' हा इशारा नियमानेच लागतो. त्याखाली आणखी एक ओळ आली: "कैरीच्या चिकाने, काजूच्या टरफलाने किंवा बिब्ब्याने अंगावर कधी उतले असल्यास घेऊ नये." तिच्यासाठी २८ दिवसांचा पुनरावृत्त डोसाचा अभ्यास, ४०७, पुढच्या हिवाळ्यासाठी आखला आहे. तीन डोस आणि एक नियंत्रण गट, प्रत्येकात पाच नर, पाच माद्या, क्रिएटिनिन, युरिया आणि यकृताचे एन्झाइम, शेवटी मूत्रपिंड व यकृताचे काप. नमुना प्रयोगशाळेचा माणूस येऊन चालू घाण्याच्या पोत्यातून काढणार, असे करारातच लिहिले आहे.

वेगळे काय करता आले असते

मे महिन्यात प्रयोगशाळेने नमुना घेताना तीन प्रश्न विचारले असते तर बरेच टळले असते. हे कुठे लावायचे की खायचे? किती दिवस? आणि हा नमुना कोणत्या बॅचमधून, कोणी काढला? फॉर्मवर त्यासाठी रकाने होते. 'उपयोग' समोर लिहिले होते 'औषधी'. 'बॅच' समोर रेघ.

जीएलपी (उत्तम प्रयोगशाळा पद्धती) प्रमाणपत्र असलेल्या प्रयोगशाळेत पाठवायला हवे होते, असे नंतर काहींनी सुचवले. नोंदी आणि तापमान तिथे नीट राहिले असते यात शंका नाही. पण जीएलपी चाचणी कशी केली हे पाहते, कोणती करायला हवी होती हे नाही. वैद्यांच्या हाताचा अर्धा किलो तिथेही पास झाला असता, आणि अहवाल आणखी जाड कागदावर आला असता.

शेडमधल्या त्रासाची खबर वर पोचायला जागा नव्हती, हे त्याहून मोठे. निम्मी फळे अखंड राहत होती याचे कारण आळस नव्हता, उतलेले हात होते. ज्या पायरीत कामगाराला इजा होते तीच पायरी पहिल्यांदा सोडली जाते, आणि बिब्ब्यात नेमकी तीच पायरी विष बाहेर काढते. कापणीच्या वेळी कुणाच्या हाताला काय झाले याची साधी वही ठेवली असती, तर डिसेंबरच्या आधी, म्हणजे तेल बाटलीत जाण्याआधीच, ते दिसले असते. आता ती वही आहे. पहिल्या पानावर राखणदाराच्या बायकोचे नाव आहे, जी कामगार नाही, आणि तिच्यासाठी भांडी घासायला फार्मसी दरमहा राखेचे पोते देते.